अलिबागच्या पुळणीवर मेटल डिटेक्टर : परवानगी कोणाची, वस्तू कोणाची?

या प्रकरणातली माणसं अभ्यासासाठी उभी केली आहेत. किनारा, किल्ला आणि कायदे मात्र खरे आहेत, आणि असा पेच कोकणात कोणाच्याही घरी उद्या उभा राहू शकतो.

डिसेंबरची अखेर. पुण्याचं एक कुटुंब अलिबागला आलेलं. दुपारी सगळे गुडघाभर पाण्यात उतरले, पोरांनी वाळूत किल्ले केले. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मामींच्या लक्षात आलं की बोटात अंगठी नाही. अंगठी सोन्याची, आतल्या बाजूला लग्नाची तारीख कोरलेली. भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला, सुट्टीवर आलेला. तिकडच्या किनाऱ्यांवर मेटल डिटेक्टर फिरवायचा त्याला छंद. गावच्या शेतात फिरवून बघू म्हणून यंत्र त्याने सोबत आणलेलं होतं. "मामी, उद्या ओहोटीला बघतो, मिळेल," म्हणाला.

त्याने आधी विचारणा केली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. खोली देणाऱ्या काकांनी सांगितलं, नगरपरिषदेत विचारा. टपरीवाला म्हणाला, पोलिसांना सांगून ठेवा. घोडागाडीवाल्याचं म्हणणं, इथे कोण विचारतंय, जा खुशाल. तीन माणसं, तीन उत्तरं. पहाटे साडेपाचला तो हेडफोन लावून पुळणीवर उतरला. तासाभरात अंगठी मिळाली. तिच्या मागेपुढे आणखी तीन वस्तू मिळाल्या : चांदीचं एक पैंजण, एक शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) आणि ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ सालचा पाव आण्याचा तांब्याचा पैसा. तेवढ्यात एक जीवरक्षक आणि त्याच्यासोबत एक हवालदार आले. पहिला प्रश्न अपेक्षित तोच : "परवानगी आहे का?"

भाच्याच्या डोक्यात इंग्लंडची चौकट पक्की होती, आणि ती तिथल्यापुरती बरोबरही आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यापैकी साधारण अर्धा पट्टा 'क्राउन इस्टेट'कडे आहे. त्या भागात छंद म्हणून डिटेक्टर फिरवायला वेगळा परवाना काढावा लागत नाही, ठरलेल्या अटी पाळल्या की पुरे. जिथे किनारा नगरपालिकेकडे भाड्याने आहे किंवा निसर्गासाठी राखीव आहे, तिथे आधी विचारावं लागतं. संरक्षित प्राचीन स्थळी संमतीशिवाय यंत्र फिरवणं हा १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याखाली गुन्हाच आहे, आणि त्या कायद्यात मेटल डिटेक्टरचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत दडलेल्या धनाच्या) कायद्यात, १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात किंवा १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात मेटल डिटेक्टरचा उल्लेख नाही. त्यामुळे 'डिटेक्टरचा परवाना' मागायला कोणत्याही कार्यालयात गेलात तर समोरच्या कारकुनाला तो कोणत्या कलमाखाली द्यायचा हे सांगता येणार नाही. यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात. एक, परवानगीची तरतूदच नाही म्हणजे सगळं मोकळं. दुसरा, तरतूद नाही म्हणजे बंदी. दोन्ही टाळायचे तर यंत्र बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहायच्या : पायाखालची वाळू कोणाची, खड्डा कुठे आणि किती, आणि वाळूतून निघालेली वस्तू काय.

वाळू कोणाची, याचं उत्तर महाराष्ट्रात सरळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा. ओहोटीला उघडी पडणारी अलिबागची पुळण यातच येते. सरकारच्या वतीने ती सांभाळतो जिल्हाधिकारी. नगरपरिषद किनाऱ्याची स्वच्छता, दिवे, जीवरक्षक बघते. बंदराच्या हद्दीतली कामं महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतात. शेजारी वरसोली, आक्षी, नागाव इथे ग्रामपंचायती आहेत. यातल्या कोणालाही कळवलं तर चांगलंच, पण जमिनीच्या मालकाच्या नात्याने बोलू शकणारं कार्यालय एकच आहे, आणि रायगड जिल्ह्याचं मुख्यालय अलिबागलाच असल्याने तेही गावातच सापडतं. हा योगायोग पुढे उपयोगी पडतो.

सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीचं नियमन करणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचं, नाव निघाल्याशिवाय किनाऱ्यावरची चर्चा संपत नाही. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा त्या अधिसूचनेत कडक संरक्षणाच्या वर्गात आहे, आणि वाळूउपशावर बंधनं आहेत. एका अंगठीसाठी हाताने वीतभर खड्डा करून लगेच बुजवणं म्हणजे वाळूउपसा नव्हे. पण फावडं घेऊन पन्नास खड्डे करून ते तसेच सोडले तर संध्याकाळच्या अंधारात कोणाचा तरी पाय मुरगळेल, आणि मग कोणतंही कलम नसलं तरी तक्रार होईल आणि ती योग्यच असेल. दक्षिणेकडे हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला सर्वोच्च दर्जाचं संरक्षण आहे. त्या किनाऱ्यांवर त्या महिन्यांत भरतीरेषेच्या वर खणूच नये. तिथे मी परवानगीचा विषयसुद्धा काढणार नाही.

अलिबागची खरी अडचण आहे समोरचा कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात तो बांधायला घेतला, पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं ते मुख्य ठाणं झालं. ओहोटीला माणसं चालत किंवा घोडागाडीने किल्ल्यात जातात, त्यामुळे पुळण कुठे संपते आणि किल्ल्याची हद्द कुठे लागते हे चालणाऱ्याला जाणवतही नाही. किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. संरक्षित क्षेत्रात केंद्राच्या परवानगीशिवाय कोणतंही उत्खनन करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीपासून हद्दीबाहेरचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. ती बंधनं मुख्यतः बांधकामाबद्दलची आहेत, हे खरं. तरीही माझा सल्ला असा की डिटेक्टरवाल्याने स्वतःसाठी तीनशे मीटरची रेषा मानावी आणि तिच्या आत यंत्र बंद ठेवावं. ज्या वाळूत आंग्र्यांच्या गलबतांची माणसं उतरली त्या वाळूत काय कोणत्या थरात पडलंय, हे कोणी नोंदवलेलं नाही. तिथला एक खिळासुद्धा जागेवरून हलवला की त्याचं बोलणं अर्धं संपतं.

आमचा भाचा किल्ल्यापासून दूर, गावाच्या बाजूला होता. त्याचं काम तसं शिस्तीचं होतं आणि त्याचं वर्णन करायला हवं, कारण अंगठी हरवणारी माणसं दर सुट्टीत असतात. अलिबागची वाळू काळपट. तिच्यात लोहयुक्त खनिजांचे कण असतात, वर खाऱ्या पाण्याने ती ओली असते. साधं एका फ्रीक्वेन्सीचं यंत्र अशा वाळूवर सतत खोटे आवाज देतं. अनेक फ्रीक्वेन्सी एकाच वेळी वापरणारं किंवा पल्स इंडक्शनचं यंत्र लागतं. शिवाय सोन्याच्या बारीक अंगठीचा सिग्नल आणि चुरगळलेल्या चांदीच्या कागदाचा सिग्नल जवळजवळ सारखाच येतो. अंगठी हवी असेल तर कचराही खणून काढावा लागतो. त्याने आदल्या दुपारचे मोबाइलवरचे फोटो घेतले, फोटोंच्या वेळेवरून पाणी तेव्हा कुठवर होतं ते भरतीच्या तक्त्यात पाहिलं, आणि तेवढाच पट्टा दोऱ्या लावून चौकटी-चौकटीने तपासला. सोनं जड असल्याने लाटेबरोबर फार लांब जात नाही, खाली रुततं. त्याला ती वीतभर खोलीवर मिळाली. बाटल्यांची झाकणं, फॉइल, मोडके हेअरपिन त्याने पिशवीत भरले आणि खड्डे पायाने बुजवले. हवालदाराचा आवाज मऊ झाला तो ती पिशवी बघून.

एक उपकथा, कारण अलिबागचा विषय आहे. इथे चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्यावर तिथल्या कुलाबा भागातल्या वेधशाळेच्या नोंदी बिघडू लागणार होत्या, म्हणून १९०४ मध्ये काम अलिबागला आलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची इतकी सूक्ष्म मोजणी जिथे चालते, त्या आवाराच्या आसपास चुंबकीय लहरी सोडणारं यंत्र फिरवू नये. हे सांगायला कायदा लागत नाही.

हवालदाराने अडवलं म्हणून घरच्यांना राग आला होता. मला तो राग पटत नाही. १९९३ च्या सुरुवातीला याच जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला शस्त्रं-स्फोटकं उतरली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला बेवारस बोट लागली आणि तिच्यात एके-४७ रायफली निघाल्या. गावोगावचे मच्छीमार सागर सुरक्षा दलात आहेत, आणि 'किनाऱ्यावर अनोळखी माणूस काही पुरताना किंवा काढताना दिसला तर कळवा' हे त्यांना अनेक वर्षं सांगितलं गेलंय. पहाटेच्या अंधारात हेडफोन लावून खड्डे करणारा माणूस त्या वर्णनात नेमका बसतो. दुसरी शंका गुप्तधनाची. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार झाल्याच्या बातम्या आपल्याकडे येत असतात, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा समावेश आहे. भाच्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण पोलिसाने विचारलं तर त्याने खुलाशाने सांगायला हवं. म्हणून उजाडल्यावर जावं, आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात आणि नगरपरिषदेत साध्या कागदावर कळवून पोच घ्यावी, अंगठीचा फोटो किंवा पावती जवळ ठेवावी. पोच म्हणजे परवाना नव्हे. आपण उघडपणे आलो होतो, याचा तो पुरावा.

आता वाळूतून निघालेल्या चार वस्तू.

अंगठी मामींची. मालक माहीत, वस्तू ओळखता येते, आत तारीख आहे. ती फक्त हरवली होती, मालकी कुठेही गेली नव्हती. ती शोधायला जिल्हाधिकाऱ्यांची गरज नाही. पोलिसांसमोर फोटो जुळवून दाखवला, विषय मिटला.

पैंजण मात्र कोणाचं तरी आहे. नवंच दिसतंय, आकडा तुटलेला, एखाद्या लहान मुलीचं असावं. 'सापडेल त्याचं' हा आपल्या बोलण्यातला न्याय कायद्याला मान्य नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यासारखी जबाबदारी येते : सांभाळायची, मालकाला द्यायची. मालक कोण ते कळत असताना, किंवा शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता, ती पचवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ चा अप्रामाणिक अपहार होतो. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं, शिवाय दंड. रस्त्यावर पडलेला रुपया, मालक माहीत नसताना उचलला तर तेवढ्याने गुन्हा होत नाही, असं उदाहरण कायद्यातच आहे. म्हणजे उचलणं निर्दोष, गप्प बसणं दोषी. पैंजण पोलीस ठाण्यात जमा केलं, नोंदीची प्रत घेतली. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना आणि दोन-तीन हॉटेलांना सांगून ठेवलं. मला या सगळ्यातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या किनाऱ्यांवर डिटेक्टर वाढतील तेव्हा ऐतिहासिक नाणी क्वचित आणि दुसऱ्याचे दागिने रोज सापडतील.

शिवराई आणि पाव आणा यांच्या बाबतीत १८७८ चा निखात निधी कायदा येतो. जमिनीत दडलेली, कोणत्याही किमतीची वस्तू म्हणजे निधी, अशी त्याची व्याख्या आहे. किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय सापडलं, किती किंवा अंदाजे किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. आणि वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागाल तेव्हा हजर करीन असं तारण देऊन स्वतःला बांधून घ्यायचं. दहा रुपयांची ही मर्यादा १८७८ सालची आहे आणि ती आजही तीच असल्यामुळे जुनं जवळजवळ कोणतंही नाणं तिच्यात येतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि वस्तूतला वाटाही जातो.

एखादा वकील म्हणेल की कोणाच्या कनवटीतून निसटलेलं एकटं नाणं हा दडवलेला निधी नव्हे. वाद घालता येईल. पण वाद जिंकून भाच्याच्या हाती काय येणार? निधी नसेल तर ते सरकारी जमिनीत पडलेलं, मालक नसलेलं नाणं ठरेल आणि सरकार त्यावर जमिनीचा मालक म्हणून बोलेल. उलट निधी धरला तर कायदा सापडणाऱ्याच्या बाजूने उदार आहे. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात, दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. शंभर वर्षांच्या आत कोणी ते ठेवल्याचं निघालं नाही आणि निधी बेवारस ठरला, तर जमिनीच्या मालकाने हक्क सांगितला नसल्यास सगळा निधी सापडणाऱ्याला मिळतो. मालकाने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश मालकाचा. सरकारला तो संग्रहासाठी हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेता येतो. इथे मात्र कायदा तोकडा पडतो. शिवराईच्या तांब्याची किंमत ती काय! तिचं मोल तिच्यावरच्या 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' या अक्षरांत आणि ती कुठे मिळाली यात आहे, आणि त्या मोलाचा या हिशेबात विचार नाही. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला तांब्याच्या भावाने मोजणारी ही तरतूद बदलायला हवी, असं मी ठामपणे म्हणतो.

इंग्लंडमध्ये याच ठिकाणी वेगळी वाट काढली गेली. १९९६ च्या ट्रेझर अॅक्टखाली निधी चौदा दिवसांत कळवायचा असतो, पण त्याच्या जोडीला १९९७ पासून एक ऐच्छिक नोंदणी योजना चालते. प्रत्येक भागात एक अधिकारी असतो. कायद्याने निधी न ठरणारी वस्तूसुद्धा माणसं त्याच्याकडे नेतात, तो मोजतो, फोटो काढतो, जागा नकाशावर टिपतो आणि बहुतेक वेळा वस्तू परत देतो. पंधरा लाखांहून जास्त वस्तू अशा नोंदल्या गेल्यात. चौलचा विचार करा. अलिबागपासून जवळच. ग्रीक-रोमन लेखकांना माहीत असलेलं बंदर, सातवाहन, शिलाहार, मग शेजारी रेवदंड्यात पोर्तुगीज. त्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर पोरांना नाणी मिळतात आणि ती थेट पनवेल-मुंबईच्या विक्रेत्यांकडे जातात. कोणती, कुठली, किती, याची एक ओळ कुठे उरत नाही. १९९७ मध्ये दिवेआगरच्या वाडीत जमिनीतून गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं. तांब्याचं नाणं निघतं तेव्हा शेजाऱ्यालाही कळत नाही. मला त्या नाण्यांची जास्त काळजी आहे.

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता, "पाव आणा तरी आठवण म्हणून लंडनला नेऊ का?" नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू आहे. पुरावस्तूची निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. खासगी माणसाने ती सामानात घालून नेली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. नाणं किती रुपयांचं, याला इथे काही महत्त्व नाही. विमानतळावर कस्टम्सच्या हातात ते लागलं तर सुट्टीचा शेवट पोलीस कोठडीत होऊ शकतो.

दोन्ही नाणी त्याने धुतली नव्हती, हे नशीब. आपल्याकडे तांबं दिसलं की चिंच-मीठ लावायचा मोह होतो. समुद्रातल्या तांब्यात क्षार मुरलेले असतात, आणि आंबट पदार्थाने वरचा थर गेला की अक्षरंही जातात. गोड्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत, जाणकाराकडे पोचवायचं.

त्याच दिवशी दुपारी अर्ज झाला. एका पानाचा : वस्तूंचं वर्णन, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, मोबाइलवरून घेतलेलं नेमकं स्थान, किल्ल्यापासूनचं अंतर, तारीख आणि वेळ, अंगठी शोधताना सापडल्याचा खुलासा, पैंजणाच्या पोलीस नोंदीची प्रत. आवक शिक्क्यासह दुसरी प्रत घरी. भाच्याची परतीची तारीख दहा दिवसांवर होती आणि सुनावणी किमान चार महिन्यांनी. कायदा स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहायची मुभा देतो, म्हणून त्याने निघण्यापूर्वी मामेभावाच्या नावे अधिकारपत्र करून दिलं. त्यात नाणी सरकारने संग्रहासाठी घेतल्यास आपला वाटा रोखीत नको, पण नोंदीत सापडल्याचं ठिकाण पूर्ण लिहावं, एवढी एक मागणी त्याने स्वतःच्या हाताने वाढवली.